अर्धापूरची बुरशी, औशाचं परस

नवरात्रात बाहेरगावी जाते म्हटलं की चिपळुणात लोक आधी देवीचं नाव विचारतात. या वर्षी मी शेजारच्या काकूंना सांगितलं, "अर्धापूरला जातेय, तिथून औशाला." काकू म्हणाल्या, "तिथे कुठली देवी गं?" मी म्हटलं, "देवी नाही, बुरशी आहे." काकूंनी पुढची चौकशी केली नाही. मी परत आल्यावर मात्र येता-जाता विचारतात, "काय झालं त्या बुरशीचं?" एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं, म्हणजे काकूंचंही समाधान होईल आणि माझंही.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यातला माझा जिव्हाळ्याचा विषय बुरशी. लोणच्यावरची, भिंतीवरची, लाकडावरची, कुठलीही दाखवा, मी तासभर थांबायला तयार असते. मागे रेडिओवर माझं एक भाषण झालं होतं. मातीतल्या बुरशा कीटकनाशकं आणि तणनाशकं कशी मोडतात, असा विषय होता. असली भाषणं कोणी ऐकत नाही अशी माझी समजूत होती. पण काही दिवसांनी फोन आला.

"म्याडम, मी औशाकडून बोलायलेय. ती तुमची बुरशी आमच्या परसात चालंल का?"

या सुलोचनाबाई. औशापासून आत एका गावात त्यांचं घर, घरामागे परस. उसात मारायचं तणनाशक कालवलेला ड्रम ट्रॉलीचा धक्का लागून परसात पालथा झाला होता. तेव्हापासून दोन पावसाळे गेले, पण तिथे भाजी टिकली नाही. मेथी उगवायची, पिवळी पडायची आणि मान टाकायची. वांग्याच्या रोपांचीही तीच गत. "निसती ज्वारी तेवढी उभी ऱ्हाती," त्या म्हणाल्या, आणि मी खुर्चीत ताठ बसले. ज्वारी तगते आणि मेथी मरते म्हणजे ते अ‍ॅट्राझिन असणार. ज्वारीला ते विष स्वतःच्या पोटात निष्प्रभ करता येतं. मेथीला, गव्हाला नाही जमत.

हे अ‍ॅट्राझिन मोडणाऱ्या बुरशांपैकी एक आपल्या खाण्यातली आहे, धिंगरी अळंबी. नांदेडजवळ अर्धापूरला नसीमबाजी, म्हणजे आपल्या भाषेत नसीमताई, केळीच्या वाळक्या पानांवर धिंगरी पिकवतात, हे मला ठाऊक होतं. अळंबी काढून झाली की बुरशीने भरलेल्या पिशव्या उरतात. दोघींची मी फोनवर गाठ घालून दिली. केळीच्या गाडीतून त्या पिशव्या औशाला पोचल्या आणि पावसाच्या तोंडावर सुलोचनाबाईंनी त्या परसात कालवल्या. एक कोपरा तेवढा जसाच्या तसा सोडा, असं मी सांगितलं होतं, म्हणजे तुलना करता येईल. आता पाऊस सरला होता. तिथे काय झालं ते मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

अर्धापूर

नसीमबाजींच्या घराण्याचा धंदा बांगड्यांचा. दुकान अजून आहे, ते त्यांचे यजमान बघतात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र बाजींचं राज्य. आत शिरताना त्यांनी मला चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले, आणि मग माझ्याकडे संशयाने बघत पडदा बाजूला केला. मी माझ्या विद्यार्थ्यांना जशी वागवते तशीच त्या मला वागवत होत्या. मला बरं वाटलं.

आत ओलसर गारवा आणि छतापासून लोंबणाऱ्या पिशव्या. पिशव्यांना पाडलेल्या भोकांतून राखाडी अळंबीचे घोस बाहेर आलेले. "ही पिशवी जवान आहे," बाजी म्हणाल्या, "आणि ती कोपऱ्यातली बुढी झाली. आता तिच्यात दम न्हाई. पहिले फेकायचो आम्ही नाल्याकडं."

"दम आहे अजून," मी म्हटलं. "अळंबी द्यायचा नसेल, पण काम करायचा आहे."

बाजींनी पिशवी फाडली. केळीची पानं आत ओळखूही येत नव्हती. पांढऱ्या धाग्यांनी सगळं एकत्र शिवून टाकलं होतं आणि हातात घेतल्यावर त्याचा भुगा होत होता. हीच तर गंमत आहे. धिंगरी मुळात मेलेल्या लाकडावर वाढणारी. लाकडाला टणकपणा देणारा जो पदार्थ असतो, त्याची वीण इतकी वेडीवाकडी की बहुतेक जीव त्याच्या वाटेला जात नाहीत. ही बुरशी मात्र आपला पाचक रस बाहेर सोडते आणि ती वीण जागच्या जागी उसवते. आपण आधी जेवतो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग जेवते. आणि तो रस फार चोखंदळ नसतो. लाकडासाठी सोडलेल्या रसाच्या तडाख्यात तणनाशकाचा कण आला, तर त्याचेही हातपाय तुटतात. उरलेले तुकडे मातीतले बाकीचे सूक्ष्म जीव हळूहळू संपवतात. बुरशी हे काही आपल्यावर उपकार म्हणून करत नाही. ती जेवायला बसलेली असते, एवढंच.

हे सगळं मी उत्साहाने सांगत होते. बाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अच्छा. मग त्या औशावाल्या बाईचं काम झालं का न्हाई?"

"तेच बघायला चाललेय."

"झालं तर मला सांगा. न्हाई झालं तरी सांगा. माझ्या पिशव्या हायेत म्हणून विचारून राहिले."

जेवायला तहारी होती. मसाल्याचा तो पिवळा भात आणि बाजूला धिंगरीचा रस्सा. आमच्याकडे पावसात रानातली अळंबी आली की घरात भांडणं लागतात, कोणाच्या पानात किती पडली यावरून. इथे बाजींच्या शेजारणी अजून तिला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि नाक मुरडतात. मी तीनदा रस्सा वाढून घेतला, तेव्हा बाजींचा माझ्याबद्दलचा संशय एकदाचा मिटला. निघताना त्यांनी केळीचा अख्खा घड गाडीत ठेवला. "नक्को" म्हणायची सोय नव्हती.

औशाजवळ, पहिली माळ

सुलोचनाबाईंकडे पोचले ती वेळ घट बसवायची होती. आमच्याकडे नवरात्रात रुजवण घालतात, त्यातलाच प्रकार, पण थाट वेगळा. देवघरात पत्रावळीवर काळ्या मातीचं आळं केलं होतं, मध्ये पाण्याने भरलेलं मातीचं सुगड, आणि भोवती पाच धान्यं पेरलेली. वर छताला बांधलेल्या दोरीला कारळ्याच्या पिवळ्या फुलांची पहिली माळ. बाई नऊवारी नेसल्या होत्या, उपास होता, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखं गांभीर्य.

परीक्षाच होती. ती मला बाहेर ओट्यावर कळली.

त्यांचे यजमान व्यंकटराव तिथे बसले होते. उंच, कमी बोलणारे. भिंतीला शहाबादी फरशा रचून ठेवल्या होत्या. "परसात टाकायच्यात," ते म्हणाले. "पडीकच पडलंय त्ये. ट्रॅक्टर तरी थांबंल."

"पन आमचं ठरलंय," आतून येत सुलोचनाबाई म्हणाल्या. "घटाला माती परसातली घेतलीया मी. तुमची बुरशी कालवलेली. घट चांगला आला तर परस माझं. न्हाई आला, तर दसऱ्यानंतर मिस्त्री येनार."

घटाची माती शेतातून आणायची आणि धान कसं उगवतं त्यावरून साल कसं जाईल ते बघायचं, ही त्यांच्याकडची रीत. विषारी जागेतली माती घटाला घेणं म्हणजे केवढं धाडस, हे मला बाईंच्या जावांच्या कुजबुजीवरून समजलं. घट खुरटला तर अपशकुन, आणि तो बाईंच्या माथी.

मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खात होते. आमटी इतकी चवदार होती की मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातली मास्तरीण जेवतानाही गप्प बसत नाही.

"अहो, पण घट येणारच," मी म्हटलं. "देवघरात अंधार आहे ना. हे विष उन्हात काम करतं. पान उन्हात स्वतःचं अन्न बनवायला लागलं की विष ते काम बंद पाडतं. सावलीत कोंब दाण्यातल्या शिदोरीवर वाढतो. मातीत विष असलं काय आणि नसलं काय, घट छान दिसेल. खरं बघायचं तर घट उन्हात ठेवायला हवा."

एका जावेने तोंडाला पदर लावला. देव बसले की घट जागचा हलवत नाहीत. दसऱ्यापर्यंत त्याला धक्कासुद्धा लागू देत नाहीत, आणि मी त्याला उन्हात न्यायला सांगत होते! ते मला नंतर समजलं. पण दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती आणि ती मात्र लगेच समजली. बाई जिंकलेल्या होत्या. घट येणारच होता, व्यंकटराव बोलल्याप्रमाणे वागणार होते, परस वाचणार होतं. आणि मी, त्यांच्या बाजूने आलेली बाई, दोन घास आमटीच्या जोरावर त्यांची बाजी उधळून बसले होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

व्यंकटराव म्हणाले, "जाऊ द्या. ठरलं त्ये ठरलं. घटावरच बघू."

त्यांनी मोठेपणाने पळवाट ठेवली होती. सुलोचनाबाईंनी ती घेतली नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "घट देवाचा हाय, त्यो तितंच ऱ्हाईल. पन उन्हात बी बघायचं. मला परस पाहिजे म्याडम, त्येचं सोंग नको. उद्या मेथी लावली आन ती परत मेली, तर मी कुनाला सांगू?"

मग आम्ही परसात गेलो. काळी माती, वर पांढऱ्या धाग्यांचे पुंजके, केळीच्या पानांचे कुजलेले तुकडे. पावसात इथे धिंगरी उगवलीसुद्धा होती, ती बाईंनी "इश्श, कुत्र्याची छत्री" म्हणून उपटून लांब फेकली. विष असलेल्या जागची अळंबी कोणी खाल्ली नाही, याचा मला आनंदच झाला. बाईंनी घरातली तीन घमेली आणली. एकात बुरशी कालवलेली माती, एकात सोडलेल्या कोपऱ्यातली, आणि एकात शेतातली चांगली. तिन्हींत घटाचीच पाच धान्यं आणि वर मेथी पेरली. तिन्ही उन्हात, विहिरीच्या कठड्याजवळ.

मी हात झटकून निघणार, तेवढ्यात बाई आत जाऊन हळदीकुंकू घेऊन आल्या. तिन्ही घमेल्यांना बोटं ओढली आणि कारळ्याची फुलं वाहिली.

"ह्याला पण?" मी विचारलं.

"त्येच धान हाय न्हवं? एकाला माळ आन एकाला न्हाई, आसं कसं चालंल? पाप लागायचं."

"अहो, पण त्या कोपऱ्यातल्या मातीलासुद्धा?"

"तिचा काय गुन्हा हाय?"

मी इतकी वर्षं प्रयोगशाळेत तुलनेसाठी कुंड्या ठेवत आले. विष घातलेल्या कुंडीला कधी कोणी फूल वाहिलेलं पाहिलं नव्हतं. चिपळूणला परतल्यावर मी वर्गात हे सांगितलं, तर पोरं हसली. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

लातूर

मधले दिवस मी लातूरला आत्येबहिणीकडे काढले. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी. आमच्या पोह्यांची सवय असलेल्या जिभेला आधी ते पोकळ वाटलं, मग तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतलं. संध्याकाळी गंजगोलाईत फिरायचं. गोल बाजार, त्यातून फुटलेल्या सोळा वाटा, प्रत्येक वाटेला वेगळा माल. मी दरवेळी बांगड्यांच्या वाटेने आत जायची आणि भलत्याच वाटेने बाहेर पडायची. एकदा तर दोरखंडाच्या दुकानापाशी निघाले आणि दुकानदाराला वाटलं मला बैलांसाठी कासरा हवाय. गाड्यावरचा निलंगा राइसही खाल्ला, पोट बिघडेल असं बहीण सांगत असतानाच. पोट बिघडलं नाही.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं, लोक मजेत, सणाचे दिवस. मला मात्र घमेली दिसायची. बुरशीने काम केलं असेलच असं नव्हतं. ही काळी माती चुनखडीची, अशा मातीत हे विष जास्त तग धरतं. पुस्तकात ते व्यवस्थित लिहिलेलं आहे आणि मला तोंडपाठ आहे. फोनवर बाईंना आशा लावताना ते वाक्य मी जरा हळू आवाजात म्हटलं होतं. फरशी पडली तर पडली, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "शेतात काय पेरायचं त्ये मालक ठरिवतेत. हितं मला कुनी इचारीत न्हाई, म्हनून ही जागा मला आवडती." ते डोक्यातून जाईना.

सातव्या माळेला बाईंचा फोन आला. आवाज पडलेला.

"म्याडम, एक घमेलं गेलं."

"कुठलं?"

"शेळीनं खाल्लं. बुडापासून."

"अहो, पण कुठलं?"

"शेतातल्या मातीचं. लई छान आलं हुतं."

मी सोफ्यावर बसले आणि मोठ्याने हसले. शेळीने हिरव्यातलं हिरवं नेमकं निवडलं होतं. "बाकीच्या दोघांचं काय?" मी विचारलं.

"त्ये मी न्हाई सांगत. तुमी येऊन बघा. माझ्या डोळ्याला बरं दिसतंय, पन माझे डोळे माझ्याच बाजूचे हायेत."

परसात, दसरा

दसऱ्याला सकाळीच पोचले. मला घरात न थांबवता बाई सरळ विहिरीकडे घेऊन गेल्या. व्यंकटराव आधीच तिथे उभे होते, हात मागे बांधून. शेळी लांब खुंट्याला बांधलेली होती आणि उरलेल्या दोन घमेल्यांवर जुनी मच्छरदाणी ताणली होती. बाईंनी ती अलगद काढली.

कोपऱ्यातल्या मातीचं घमेलं पाहून वाईट वाटलं. गव्हाची पाती टोकापासून करपत खाली आलेली. मेथी पिवळी होऊन मातीवर आडवी पडलेली. ज्वारीचे कोंब तेवढे ताठ. त्या घमेल्यालाही त्या दिवशीची माळ घातलेली होती.

बुरशी कालवलेलं घमेलं हिरवं होतं. एका बाजूची दोन-चार पाती फिकी होती, ते मी मुद्दाम लिहितेय, कारण बाईंनी ती मला स्वतः बोट ठेवून दाखवली. पण गहू उभा होता. मेथीला पहिली खरी पानं फुटली होती. भर उन्हात वाढलेली, हिरवीगार, जिवंत मेथी. मी ती हाताने चाचपून पाहिली, वाकून वास घेतला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायचं मला सुचलंही नाही. इतकी वर्षं ही गोष्ट मी फळ्यावर बाण काढून शिकवत आले. कोणाच्या तरी घरामागे ती खरोखर घडलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"झालं?" सुलोचनाबाईंनी विचारलं. एवढंच.

"झालंय. सगळं नाही, पण पुष्कळ. त्या राहिलेल्या कोपऱ्यात पण पिशव्या कालवा, नसीमबाजी पाठवतील. माती तपासून घेऊ. आणि येईल ते पहिलं पीक मात्र खायचं नाही."

बाईंनी मान हलवली. मग घमेल्याच्या कडेवर हात ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. मी नसीमबाजींना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "माझ्या बुढ्या पिशव्या."

व्यंकटराव खाकरून म्हणाले, "त्यो ड्रम मीच तितं ठिवला हुता. ट्रॉली बी मीच मागं घेतली." ते माझ्याकडे बघून बोलत होते, पण सांगत होते बायकोला. "रोज दिसायचं त्ये. फरशी टाकली की दिसलं नसतं."

"मला ठावं हाय," बाई म्हणाल्या.

घरात घट उठवायची तयारी झाली होती. धानाचे कोंब खुडून पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात. देवघरातला घट फिकट पिवळा, सावलीतला, उंच वाढलेला. घरच्या सगळ्यांनी त्यातले तुरे घेतले. व्यंकटरावांनीही घेतला. मग ते उठून बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या टोपीत पिवळ्या तुऱ्याशेजारी गव्हाची हिरवी पाती होती. तोंडाला पदर लावणाऱ्या त्या जावेने माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे उन्हातल्या घटाबद्दल मला माफी मिळाली असं मी समजले.

निघायच्या आधी पुन्हा सगळे परसात गेलो. बाई खुरपं घेऊन बसल्या होत्या. सणाच्या दिवशी, नव्या लुगड्यात. व्यंकटराव जागेवरून नजर फिरवत म्हणाले, "पहिलं पीक खायचं न्हाई म्हन्तेत, तर मग झेंडू लाव. ह्या बाजूनं दोन ओळी, आन तिकडं..."

"काय लावायचं त्ये माझं मी बघते," सुलोचनाबाई म्हणाल्या. मान वर न करता, अगदी साध्या आवाजात.

व्यंकटरावांनी टोपी नीट केली. विहिरीवरच्या मोटारीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"बरं," ते म्हणाले. "पानी कवा सोडू, तेवढं सांग."